पहिला अर्धा तास कुणाचा?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाची चर्चा झाली, ज्वारीच्या खरेदीची झाली. त्यानंतर माझा विषय आला: रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या माणसाचे शिक्षण. मागच्या रांगेतले काही जण उठायच्या तयारीत दिसतात. त्यांना विनंती, थोडे थांबा. भावाचा प्रश्न तुम्ही पुढच्या वर्षीही मांडाल. पण तो मांडायला माणूस जिवंत राहिला पाहिजे.

मी शेतकी कॉलेजातून पदवी घेतलेला माणूस. पीक, माती आणि फवारणीची औषधे हे माझे शिक्षण. मी डॉक्टर नाही आणि इथे डॉक्टरकी सांगायला उभा नाही. हिशेब मांडणे एवढेच संघटनेच्या कामात शिकलो. कापसाच्या एका क्विंटलचा खर्च आपण मजुरी, बियाणे, खत, व्याज असा ओळीने मांडतो. तसाच एका जिवाचा हिशेब आज मांडायचा आहे. त्यातली जमेची बाजू कोण सांभाळतो, ते पाहायचे आहे.

उरवड्याची आग

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात पिरंगुटजवळ उरवडे नावाचे गाव आहे. पावसाचा, भाताचा मुलूख. गेल्या काही दशकांत तिथे कारखाने आले. ७ जून २०२१ रोजी, सोमवारी दुपारी, पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या एसव्हीएस ॲक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्याला आग लागली. १७ कामगार गेले. त्यांतल्या १५ बाया होत्या. भिंती जेसीबीने फोडाव्या लागल्या. देह इतके जळाले होते, की ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. राज्य सरकारने वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले आणि पंतप्रधान निधीतून २ लाख.

तुम्ही म्हणाल, मुळशीतल्या कारखान्याचे आम्हा कोरडवाहूवाल्यांना काय? ज्या वर्षी पऱ्हाटी जळते, त्या वर्षी आपली पोरे आणि सुना कुठे जातात? कुणी ऊसतोडीला जातो, कुणी वीटभट्टीला, कुणी पुण्याभोवतीच्या कारखान्यांत पॅकिंगच्या कामाला. उरवड्याला पॅकिंग करणाऱ्या बाया कुणाच्या तरी घरचा पोट भरण्याचा हिशेब जुळवत होत्या. आपल्या घरातली बाई उद्या अशाच एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असेल.

आता एक गोष्ट सरळ सांगतो. त्या १७ जणांना कुठल्याही रुग्णवाहिकेने वाचवले नसते. आगीने वेढलेल्या खोलीत गाडीवरचा माणूस काय करणार? तिथे हवी होती मोकळी वाट, उघडणारे दार, ज्वालाग्राही माल कुठे ठेवायचा याची शिस्त. हे काम आग लागण्याआधीचे. ते कुणी केले, कुणी केले नाही, हे पाहणे तपास करणाऱ्यांचे आणि न्यायालयाचे काम. मात्र त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या. दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी आणि त्या पेटीवर प्रथमोपचार शिकलेला माणूस. ५०० हून जास्त कामगार असले, तर रुग्णवाहिका-कक्ष. पेटी भिंतीवर टांगलेली दिसते. ती उघडून वापरता येणारा माणूस किती ठिकाणी असतो, ते कारखान्यात राबून आलेल्या पोरांना विचारा.

माझा विषय हा दुसरा माणूस आहे. आग, वीज, विष, साप यांच्या तावडीतून जो अर्धामुर्धा सुटून बाहेर येतो, त्याला पुढे जिवंत ठेवणारा माणूस.

अर्ध्या तासाचे गणित

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली. सुरुवातीला गाड्या होत्या ९३७. त्यांतल्या २३३ मोठ्या यंत्रसामग्रीच्या, ७०४ साध्या. फोन पुण्यात औंधच्या केंद्रात जातो आणि तिथून जवळची गाडी निघते. योजना चांगली आहे. तिने कित्येकांचे जीव वाचवले, बाळंतिणी वेळेवर पोहोचवल्या. ज्याने चांगले केले, त्याला चांगले म्हणायला आपण कचरत नाही.

पण तिचेच ठरवलेले माप बघा. शहरात २० मिनिटांत पोहोचायचे, खेड्यात ३० मिनिटांत. हे माप आहे. पावसाळ्यात नाला आडवा आला, गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली असली, वावराची वाट चालकाला सापडली नाही, तर त्यावर किती मिनिटे चढतात ते तुम्ही जाणता.

आता शरीराचे माप बघा. हृदय थांबले, श्वास थांबला, तर चार ते सहा मिनिटांत मेंदू मरायला लागतो. मोठी रक्तवाहिनी तुटली, तर माणूस काही मिनिटांत रिता होतो. एका बाजूला ३० मिनिटे, दुसऱ्या बाजूला पाच. ही वजाबाकी मुंबईत बसलेला कुठलाच मंत्री भरून काढू शकत नाही. गाड्या दुप्पट केल्या तरी प्रत्येक वस्तीवर गाडी उभी राहणार नाही. म्हणजे पहिला अर्धा तास सरकारचा नाही, दवाखान्याचाही नाही. तो गावाचा आहे. आपण तो आजवर आरडाओरडा करण्यात, मांत्रिकाकडे पळण्यात आणि टेम्पो शोधण्यात घालवत आलो.

हे काम नेमके काय

इंग्रजीतली तीन अक्षरे तुमच्या पोरांच्या तोंडी येतील: ईएमटी. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ. हा माणूस डॉक्टर नसतो. रोगाचे निदान करणे हे त्याचे काम नाही. त्याचे काम तीन शब्दांत सांगता येते: वाट, वारा, रक्त. घशातली वाट मोकळी ठेवायची, फुप्फुसात वारा जाऊ द्यायचा, रक्त अंगात फिरते ठेवायचे. हे तिन्ही दवाखान्याच्या दारापर्यंत टिकवले, की पुढचे डॉक्टर बघतो.

त्यासाठी त्याला काय शिकवतात? घशात साठलेली लाळ, उलटी नळीने ओढून काढणे. ऑक्सिजन लावणे. श्वास बंद पडला तर रबरी पिशवीने तोंडावाटे हवा देणे. छातीवर दाब देणे: छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. वाहते रक्त दाबून धरणे. मान आणि पाठीचा कणा न हलवता माणसाला उचलणे. मोडलेले हाड बांधणे. गाडीत बाळंतपण झाले तर आई आणि बाळ दोघांना सांभाळणे. आणि फोनवर डॉक्टरला चार वाक्यांत सांगणे, की रुग्ण कसा आहे, काय केले, किती वाजता पोहोचतो.

ऐकायला सोपे वाटते. औत हाकणेही बांधावरून पाहणाऱ्याला सोपेच वाटते. पुतळ्यावर शंभर वेळा दाब दिल्याशिवाय हाताला खोली कळत नाही. दवाखान्याच्या अपघात विभागात रात्रपाळ्या केल्याशिवाय रक्त पाहून हात थरथरायचा थांबत नाही. हे हाताचे शिक्षण आहे. ते वहीत उतरवून घेता येत नाही.

आपल्या शिवारातली तीन मरणे

पहिले मरण फवारणीचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले, ते इथे कुणाला सांगायला नको. पऱ्हाटी डोक्याएवढी झालेली, हवा दमट, अंगावर साधा सदरा, पाठीवर पंप. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. या विषाच्या खुणा ठरलेल्या असतात. आपल्याकडच्या पुष्कळ कीटकनाशकांत तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंगाचे स्नायू फडफडतात, छातीत पाणी भरल्यासारखा घरघर आवाज येतो. अशा माणसाला झाडाखाली बसवून ताक पाजत बसू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. वावरातून बाहेर आणा, कपडे काढा, साबणपाण्याने अंग धुवा. धुणाऱ्याने हातात रबरी मोजे घालावेत, नसले तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. माणसाला कुशीवर निजवा. आणि डबा सोबत न्या. हे मी शेतकी पदवीधर म्हणून बजावून सांगतो. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा की हिरवा, यावरून विषाची तीव्रता कळते. डब्यावर औषधाचे नाव असते, उतारा लिहिलेला असतो. डबा नेला नाही, तर डॉक्टरला अंदाजाने चालावे लागते.

दुसरे मरण मण्यारीचे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, गिळता येत नाही, पापण्या खाली पडतात. घरचे म्हणतात, काही तरी खाण्यात आले. मग श्वास मंद होत जातो आणि बंद पडतो. इथे तंत्रज्ञाची किंमत कळते. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण हृदय काही काळ चालू असते. अशा वेळी गाडीत कुणी पिशवीने पाच-सहा सेकंदाला एकदा हवा देत राहिला, तर माणूस दवाखान्यापर्यंत जिवंत पोहोचू शकतो. तिथे प्रतिविष मिळते, श्वासाचे यंत्र मिळते आणि कित्येक रुग्ण काही दिवसांनी आपल्या पायांनी घरी जातात. त्याच गाडीत नुसता चालक असेल, तर रस्त्यातच कारभार आटोपतो. साप तोच, विष तेच, दवाखानाही तोच. फरक मागच्या बाकावर बसलेल्या माणसाचा. दंशाच्या जागी चिरा देणे, दोरी करकचून आवळणे, चालवत नेणे, हे सगळे सोडा. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि उचलून न्या.

तिसरे मरण विजेचे. शेतीला वीज रात्री मिळते, म्हणून शेतकरी अंधारात, ओल्या पायांनी स्टार्टरजवळ जातो. तो चिकटला की दुसरा धावत जाऊन त्याला धरतो आणि एका घरातून दोन तिरड्या निघतात. आधी वीज तोडा, मग माणसाला हात लावा. मोठ्या लाईनची तार पडली असेल, तर वीज कंपनीने प्रवाह बंद केल्याचे सांगेपर्यंत जवळ जाऊ नका. प्रवाह तुटल्यावर माणूस हलत नाही, श्वास घेत नाही, तर छातीवर दाब सुरू करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे.

ही तीन मरणे आभाळातून पडत नाहीत. ती कोरडवाहू शेतीच्या धंद्यातली आहेत. खाणीत काम करणाऱ्यांना खाणीतल्या अपघातासाठी सोडवणारे पथक असते. आपल्या धंद्याला का नको?

डॉक्टर नसलेले हात

कुणी म्हणेल, हे डॉक्टरचे काम, बारावी झालेल्या पोराला काय जमणार? इतिहास काय सांगतो पाहा.

अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचे पोलादाचे शहर आहे. १९६७ पर्यंत तिथे आजारी माणसाला पोलिसांची गाडी उचलून न्यायची. मागे टाकायचा आणि पळवायचा. आपला टेम्पो आणि त्यांची गाडी यांत फरक नव्हता. शहरातल्या काळ्या लोकांच्या हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या वस्तीतून बेकार तरुण निवडले गेले. काहींचे शाळेचे शिक्षणही पुरे झालेले नव्हते. डॉ. पीटर साफार यांनी त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण दिले. या सेवेचे नाव होते फ्रीडम हाउस. ज्यांना शहर नालायक समजत होते, त्या पोरांनी रस्त्यावर उपचार करण्याची अमेरिकेतली पहिल्या काही सेवांपैकी एक उभी केली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत काम करत जो अभ्यासक्रम बांधला, त्यावर देशभरातले शिक्षण उभे राहिले.

लांब कशाला जायचे? ज्वारीच्या मुलखात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे गावातल्या, कित्येक निरक्षर, बायांना आरोग्याचे काम शिकवले. १९७९ मध्ये या कामाला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या बाया निवडल्या. त्यांना नवजात बाळाचा श्वास सुरू करणे, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणे, इंजेक्शन देणे शिकवले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. बाईच्या हातात काय ताकद आहे, याचा याहून मोठा पुरावा काय हवा? दिवसा गावात कोण असते? बायाच असतात. म्हणून या शिक्षणाला पोरांच्या आधी पोरींना पाठवा, असे माझे सांगणे आहे.

कागदाची गोष्ट

पिट्सबर्गची गोष्ट अर्धीच सांगितली. पुढची अर्धी कडू आहे. १९७५ मध्ये शहराने फ्रीडम हाउसचा करार संपवला आणि स्वतःची सेवा सुरू केली. ज्यांनी पायाचे दगड रचले, त्यांतले बरेच जण नव्या सेवेत मागे ढकलले गेले किंवा बाहेर पडले. हातात कसब होते, पण कागदाचा आणि कातडीचा रंग आडवा आला.

म्हणून हाताचे कसब पुरे, कागद नको, असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे कागद नाही, त्याला वापरून फेकून देणे सोपे असते. सातबारा नावावर नसलेल्या कुळाची जी गत, तीच याची.

आपल्याकडे या कामाचा कागद आता ठरत आला आहे. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पदविका असेल तर किमान दोन वर्षांत २००० तासांचे शिक्षण हवे. आरोग्यसेवा व्यावसायिकाची पदवी असेल तर किमान तीन वर्षांत ३६०० तासांचे. हे दोन आकडे घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा. उद्या तालुक्याच्या गावात कुणी तीन खोल्यांत बोर्ड लावेल, ‘सहा महिन्यांत पॅरामेडिक, नोकरीची हमी’. कापूस विकून आलेले पैसे घेऊन बाप तिथे जाईल. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने मदतनिसाचे काम मिळू शकते, त्यात कमीपणा नाही. पण ते कायद्याच्या व्याख्येतले शिक्षण नव्हे. मदतनिसाचे शिक्षण तंत्रज्ञाच्या भावाने विकणारा आणि काट्यात मारणारा व्यापारी, दोघे एकाच जातीचे.

पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची, आणि तो कागद दाखवता का? शिकणाऱ्याला कुठल्या दवाखान्याच्या अपघात विभागात आणि बाळंतपणाच्या खोलीत किती महिने पाठवता? रुग्णवाहिकेवर किती पाळ्या करवून घेता? सरावाचे पुतळे किती आणि एका पुतळ्यामागे मुले किती? मागच्या दोन वर्षांत शिकून गेलेली दहा मुले आज कुठे कामाला आहेत, त्यांना भेटता येईल का? जो या प्रश्नांवर चिडला, त्याच्या दारातून परत फिरा. बियाणे घेताना पिशवीवरचा लॉट नंबर आपण पाहतो. पोराचे आयुष्य पेरताना तेवढे तरी पाहा.

घामाचे दाम

आता नोकरीचा खरा हिशेब. हैदराबादला १५ ऑगस्ट २००५ ला आपत्कालीन सेवा सुरू झाली, तेव्हा गाडीवर तंत्रज्ञ ठेवला गेला आणि त्याच वाटेने पुढे बरीच राज्ये गेली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आखणी करताना प्रत्येक गाडीवर डॉक्टर ठेवला, बहुतेक आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. रुग्णाच्या दृष्टीने त्यात बरेच चांगले आहे. पण आपल्या पोराने हे जाणून घ्यावे, की आपल्याच राज्यातल्या १०८ च्या गाडीवरची ती जागा त्याची वाट पाहत बसलेली नाही. त्याचे काम मोठ्या दवाखान्यांचे अपघात विभाग, खासगी रुग्णवाहिका, कारखान्यांचे आरोग्य कक्ष आणि महामार्ग यांच्याकडे आहे. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच वावरांतून गेला. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ त्याच रस्त्यावर बस पेटून २५ माणसे गेली. रस्त्याला जमीन आपण दिली. त्या रस्त्यावर जीव वाचवण्याचे काम आपल्या मुलांना मिळाले पाहिजे, ही मागणी रास्त आहे.

दाम किती? हे काम बहुतांशी कंत्राटी आहे. लांब पाळ्या, रात्रीचे जागरण, आणि पगार कष्टाच्या मानाने तुटपुंजा. वर लोक म्हणतात, ‘केवढे पुण्याचे काम!’ हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. शेतकऱ्यालाही जगाचा पोशिंदा म्हणतात आणि भाव पाडून माल नेतात. पुण्याईचे नाव घेऊन कसबाचे दाम बुडवायची ही जुनी युक्ती आहे. तंत्रज्ञाला पाळीचे तास ठरलेले असावेत, विमा असावा, शिक्षणाप्रमाणे पगार असावा. ज्याचे पोट भरत नाही, तो दोन वर्षांत काम सोडतो आणि गाडीवर पुन्हा नवखा माणूस येतो. त्याचा तोटा रुग्णाला होतो.

गावाने काय करायचे

सगळ्यांनी तंत्रज्ञ व्हायचे नाही. शिकणारा शिकेल, नोकरीला जाईल. मागे उरलेल्या गावाचे काय? गावासाठी चार कामे सांगतो. यांना सरकारी मंजुरी लागत नाही.

एक. प्रत्येक गावातून दोन माणसे निवडा, त्यांत एक बाई. त्यांनी छातीवर दाब देणे, रक्त थांबवणे, विषबाधा झालेल्याला धुणे आणि कुशीवर निजवणे, दंशाचा हात बांधणे, एवढी चार कामे ग्रामीण रुग्णालयात जाऊन हातांनी शिकावीत. वर्षातून एकदा, फवारणीच्या हंगामाआधी, पुन्हा सराव करावा.

दोन. चावडीच्या किंवा किराणा दुकानाच्या भिंतीवर रंगाने लिहा: १०८. त्याखाली सर्पदंशाचे प्रतिविष असलेला जवळचा दवाखाना आणि श्वासाचे यंत्र असलेला जवळचा दवाखाना. हे आज चौकशी करून लिहा. साप चावल्यावर चौकशी करायला वेळ नसतो.

तीन. गाडी कुठे थांबेल ते ठरवा. फोन करणाऱ्याने ‘आमच्या वावरात या’ असे सांगू नये. फाटा, मंदिर, डीपी अशी खूण सांगावी, आणि एक जण मोटारसायकल घेऊन त्या खुणेवर उभा राहावा. यात वाचलेली दहा मिनिटे फुकट मिळतात.

चार. भीती सोडा. अपघातातल्या माणसाला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, असे म्हणून लोक बाजूला उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांवर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच ते कलम आले. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यापायी खटला होत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आणि दारात आलेल्या अत्यवस्थ माणसावर आधी उपचार, कागदपत्रे मागून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले आहे. हे दवाखान्याच्या दारात ठणकावून सांगा.

भावांनो, मायबहिणींनो, उरवड्याच्या १५ बायांनी घर चालवायला दुसऱ्याच्या शेडमध्ये काम धरले होते. त्यांना मोकळी वाट मिळाली नाही. वारसांना ७ लाख जाहीर झाले. जीव गेल्यावर सरकार पैसे जाहीर करते, कारण तेवढेच त्याला जमते. जीव जाण्याआधीची मिनिटे मात्र त्याच्या हातात नाहीत. ती शेजाऱ्याच्या हातात आहेत.

बाहेर ठेवलेल्या वहीत प्रत्येक गावाने आपली दोन नावे लिहून द्यायची आहेत. फवारणी सुरू व्हायला फार दिवस उरलेले नाहीत. नावे लिहा आणि मगच घरी जा.